कामाचा चाकू आणि इमारतीचे गेट

प्रश्न असा आहे. मुंबईतल्या ऑफिसांमध्ये नेटवर्कच्या केबल टाकणारा एक तरुण तंत्रज्ञ विचारतो, ‘माझ्या खिशात कायम अडीच इंची पात्याचा घडीचा चाकू असतो. केबलचे आवरण सोलायला, टाय कापायला, खोके उघडायला. गेल्या आठवड्यात एका इमारतीच्या गेटवर सुरक्षा रक्षकाने तो काढून घेतला. संध्याकाळी परत मागायला गेलो तर “शिफ्ट बदलली, आम्हाला माहीत नाही” एवढेच उत्तर मिळाले. असा चाकू बाळगणे गुन्हा आहे का? किती लांबीचा चालतो? आणि गार्डला तो ठेवून घ्यायचा हक्क आहे का?’

भाऊ, आधी तिन्हींची सरळ उत्तरे देतो. कामासाठी असा चाकू जवळ ठेवणे एरवी गुन्हा नाही. सगळीकडे चालेल असा लांबीचा एकच आकडा नाही. आणि गार्ड तुम्हाला आत सोडायला नकार देऊ शकतो, पण तुमची वस्तू ठेवून घेऊन हात वर करू शकत नाही. तुमच्या बाबतीत चूक त्या गेटची आहे. तरी पुढच्या वेळी चाकू हातचा जाऊ नये म्हणून तुम्हालाही बरेच काही करता येईल, आणि मला जास्त लिहायचे आहे ते त्याबद्दल.

मी सव्वीस वर्षे गेटच्या या बाजूला उभा आहे. साधा रक्षक म्हणून लागलो, मग सुपरवायझर झालो, आता ऑफिसांच्या तीन इमारतींची सुरक्षा बघतो. या काळात माझ्या टेबलावर शेकडो चाकू आले. त्यातला कोणाला मारायला आणलेला एकही नव्हता. वायरमन, सुतार, एसीवाले, लिफ्टवाले, गालिचा बसवणारे, फुलांची सजावट करणारे, कुरिअरवाले अशा कामाच्या माणसांचे ते चाकू होते. हे मला माहीत आहे, पण सकाळी नऊच्या गर्दीत पॉइंटवर उभ्या असलेल्या पोराला तुमच्याकडे बघून ते कळायला मार्ग नसतो. त्याला ते कळेल अशी सोय तुम्हीच करायची असते.

कायद्याचे आधी उरकून घेऊ. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत धारदार प्राणघातक हत्यारे येतात, पण फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात तलवारी, खंजीर, भाले यांच्या पंगतीत चाकूंचाही उल्लेख आहे. तिथे माप दिले आहे ते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे, आणि तेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे सोडून. तुमचे अडीच इंची पाते या मापाच्या जवळपासही जात नाही.

पण एवढे वाचून निर्धास्त होऊ नका. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३७ आहे. सण, निवडणुका, मोर्चे, तणावाचा काळ आला की पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी त्याखाली मनाई आदेश काढतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी येते आणि आपण ती वाचत नाही. या कलमात बंदुका, तलवारी, भाले यांच्याबरोबर सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यावर बंदी घालता येते. तिथे इंच-सेंटिमीटर कोणी मोजत नाही. अशा दिवसांत कामाचा चाकू खिशात न ठेवता हत्यारांच्या बॅगेत, बाकीच्या हत्यारांबरोबर ठेवा आणि कंपनीचे ओळखपत्र व त्या दिवसाच्या कामाचा कागद जवळ असू द्या. पकड, पाना, टेस्टर यांच्या शेजारी पडलेला चाकू हत्यारच दिसतो. तोच पॅण्टच्या मागच्या खिशातून निघाला की बघणाऱ्याच्या मनात वेगळा विचार येतो. माझ्याही येतो.

खटक्याचा चाकू, म्हणजे बटन दाबताच फटकन उघडणारा, कामासाठी कधीच घेऊ नका. स्वस्त मिळतो आणि एका हाताने उघडतो म्हणून काही तरुण पोरे घेतात. पण आपल्या लोकांच्या मनात रामपुरी बसलेला आहे. तो खटका ऐकला की मागे उभ्या असलेल्या बाईच्या पोटात गोळा येतो आणि गार्डचा हात आपोआप वॉकीटॉकीकडे जातो. मग तुम्ही कितीही समजावले तरी ऐकायला कोणी नसते.

आता गार्डच्या हक्काचे. खासगी सुरक्षा रक्षक पोलीस नव्हे. खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या नमुना नियमांत रक्षकाला किमान १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवरचे प्रशिक्षण सांगितले आहे, पण पोलिसांचे जप्तीचे अधिकार त्याला कुठेही दिलेले नाहीत. त्याला जे काही बळ आहे ते जागेच्या मालकाकडून आलेले आहे. मालकाने सांगितले, धारदार वस्तू आत नको, तर गार्ड म्हणू शकतो, ‘ही घेऊन आत जाता येणार नाही.’ तुम्हाला तपासणी नको असेल तर तोही जबरदस्ती करू शकत नाही, फक्त प्रवेश नाकारू शकतो. म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा राहतात. चाकू घेऊन परत फिरायचे, किंवा तो तिथे जमा करून आत जायचे. ‘जमा’ या शब्दातच परत देणे आले. पावती नाही, बिल्ला नाही, वहीत नोंद नाही आणि चाकू ड्रॉवरमध्ये, याला जमा करणे म्हणत नाहीत. तुमच्याकडून तो नुसता काढून घेतला गेला.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे.

२००८ च्या नोव्हेंबरमधल्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या हॉटेलांत, मॉलमध्ये, ऑफिसांत धातुशोधक चौकटी आल्या, तशी आमच्या इमारतीतही आली. त्याआधी आमच्याकडे नुसते व्हिजिटर रजिस्टर असायचे. नवी चौकट, नवी यादी, वरून रोज फोन. २००९ च्या पावसाळ्यात एक लिफ्ट मेकॅनिक आला. वय पन्नाशीच्या पुढे. त्याच्या बॅगेतून घडीचा चाकू निघाला. लाकडी मुठीवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, आणि पाते वर्षानुवर्षे दगडावर घासून मधोमध इतके झिजलेले की ते चवळीच्या शेंगेसारखे दिसत होते. तो म्हणाला, ‘साहेब, याच्याशिवाय माझं काम होत नाही.’ मी म्हटले, ‘जाताना घेऊन जा,’ आणि चाकू टेबलाखालच्या बिस्किटाच्या डब्यात टाकला. दुपारी दोनला माझी शिफ्ट संपली. चार्ज देताना मी किल्ल्या दिल्या, वही दिली, त्या डब्याबद्दल बोललो नाही. दुसऱ्या शिफ्टच्या पोराने साफसफाई करताना डबा रिकामा केला. मेकॅनिक रात्री आठला खाली आला तेव्हा चाकू नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. भांडला नाही. फक्त विचारले, ‘मिळाला का?’ त्या रविवारी मी नागदेवी स्ट्रीटला जाऊन त्याच्यासाठी त्यातल्या त्यात चांगला चाकू आणला. त्याने तो उघडला, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली, बंद करून बॅगेत ठेवला आणि कामाला गेला. माझ्या चाकूने त्याची गरज भागली असेल, पण वीस-पंचवीस वर्षे हाताला बसलेले हत्यार मी त्याला परत देऊ शकलो नाही. त्या आठवड्यात मी जमा वस्तूंची वेगळी वही सुरू केली. आज तिन्ही इमारतींत ती आहे आणि ती भरल्याशिवाय चार्ज बदलत नाही.

ती वही कशी असते ते सांगतो, म्हणजे कुठल्याही गेटवर काय मागायचे ते तुम्हाला कळेल. अनुक्रमांक, वेळ, नाव, कंपनी, कोणत्या मजल्यावर काम, मोबाइल. मग वस्तूचे वर्णन, आणि हे नीट लिहायचे. नुसते ‘चाकू १’ लिहून भागत नाही. ‘घडीचा चाकू, लाल मूठ, पाते अंदाजे ६ सेंमी, टोक किंचित मोडलेले’ असे लिहायचे. त्यानंतर बिल्ल्याचा नंबर, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, आणि परत देतानाच्या वेळेसह पुन्हा दोन्ही सह्या. वस्तू त्याच नंबरच्या पाकिटात आणि पाकीट कुलूपबंद पेटीत. शिफ्ट बदलताना पेटीतली पाकिटे आणि वहीतल्या उघड्या नोंदी जुळल्या पाहिजेत. एवढेच. याला खर्च काय येतो? एक वही, पन्नास बिल्ले आणि एक कुलूप. ज्या गेटवर हे नाही तिथे तुम्ही स्वतः कागदाच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहा, गार्डची सही घ्या आणि चिठ्ठीचा व चाकूचा एकत्र फोटो काढण्याची परवानगी मागा. फोटो नको म्हणाला तर सहीवर भागवा. सहीलाही नाही म्हणाला तर चाकू देऊ नका. मागे फिरा, ज्याने कामाला बोलावले त्याला खाली बोलवा.

वस्तू हरवण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण चोरी नसून दुसरे गेट आहे. माणूस मुख्य दाराने आत येतो, काम संपल्यावर सामानाच्या लिफ्टने तळघरात उतरतो आणि पार्किंगच्या वाटेने बाहेर पडतो. बिल्ला खिशात, चाकू समोरच्या गेटवर, आणि आठवण होते ती लोकलमध्ये बसल्यावर. जमा करतानाच विचारून ठेवा, ‘परत कुठून घ्यायचा आणि किती वाजेपर्यंत?’

यापेक्षा चांगला मार्ग असा की चाकू जमा करायची वेळच येऊ देऊ नये. तुम्ही ठेकेदारामार्फत जात असाल तर आदल्या दिवशी इमारतीच्या व्यवस्थापनाकडे कामाचा परवाना मागताना हत्यारांची यादीही द्या. दोन प्रती करा. त्यात प्रत्येक हत्यार नगांसह लिहा: क्रिम्पिंग पकड १, पंच टूल १, कटर १, घडीचा चाकू १, ड्रिल १. येताना गार्ड यादीशी ताडून शिक्का मारतो, जाताना पुन्हा मोजतो. पुष्कळांना हा नुसता ताप वाटतो. पण ही यादी तुमच्याच बाजूची आहे. आत जाताना ड्रिलची नोंद नसेल तर बाहेर पडताना ते तुमचेच आहे हे कशावरून दाखवणार? चाकूचेही तेच. यादीतला चाकू गार्डने अडवला तरी तो सुपरवायझरला विचारून सोडू शकतो, कारण त्याच्या हातात कागद असतो. कागद नसताना सोडला आणि पुढे काही झाले तर त्याची नोकरी जाते. दिवसाचे बारा तास उभे राहून तो जे कमावतो ते तुमच्या तोंडच्या शब्दावर पणाला लावायला त्याला कसे सांगायचे?

गेटवर वागायचे कसे, हे खरे तर दोन मिनिटांत शिकण्यासारखे आहे. बॅग पट्ट्यावर जाण्याआधी बोला. चौकट वाजल्यावर किंवा मशीनवर दिसल्यावर सांगितलेले आणि आधी सांगितलेले यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘दादा, बॅगेत कामाचा चाकू आहे, यादीत लिहिलाय. काढून दाखवू का?’ गार्ड मराठी नसेल तर, ‘भैया, बैग में काम का चाकू है, निकालूँ?’ आधी विचारा, तो ‘हो’ म्हणाला की मगच हात घाला. चाकू बंदच असू द्या, आणि त्याच्या हातात न देता टेबलावर किंवा ट्रेमध्ये ठेवा. आणि चाकूला चाकूच म्हणा. सौम्य वाटावे म्हणून काही जण ‘कटर आहे’ म्हणतात आणि ट्रेमध्ये चाकू निघतो. तिथे भरवसा तुटतो, मग सगळी बॅग टेबलावर उपडी होते.

मशीन काय दाखवते तेही समजून घ्या, म्हणजे गार्डचा राग येणार नाही. चौकटीच्या खांबांमध्ये तारांची वेटोळी असतात. त्यांच्या चुंबकीय क्षेत्रातून धातू गेला की ती वाजते आणि कोणत्या उंचीवर धातू आहे ते दिवा दाखवतो. चाकू आहे की किल्ल्यांचा जुडगा, हे चौकटीला कळत नाही. बॅगेच्या एक्स-रे मशीनवर कपडे, कागद, खाणे नारिंगी रंगात दिसते, पोलाद निळे, आणि जाड पोलाद काळ्याकडे झुकलेले. तुमच्यासारख्याची बॅग म्हणजे निळ्यावर निळे. एकमेकांवर पडलेल्या हत्यारांतून काहीच उमगत नाही, म्हणून तो बॅग फिरवून पुन्हा घालायला लावतो किंवा उघडायला सांगतो. हत्यारे गुंडाळायच्या पट्टीत, प्रत्येक कप्प्यात एक, अशी ठेवलीत तर तपासणीचा वेळ निम्म्यावर येतो.

आणि एक विनंती, ही अगदी मनापासून. कटरचे पाते आत घेऊन ठेवा. उघडे पाते, मोडलेले तुकडे बॅगेच्या तळाशी टाकू नका. आमची मुले दिवसभर लोकांच्या बॅगांत हात घालतात. माझ्या एका रक्षकाच्या तर्जनीला असा तुकडा लागून तीन टाके पडले होते. त्यानंतर कित्येक दिवस तो बॅगेत हात घालण्याआधी आत डोकावून बघायचा आणि मगच दोन बोटे सरकवायचा. जुनी पाती औषधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत टाका, झाकण लावा.

लांबीचा प्रश्न राहिला. ऑफिसांच्या बहुतेक याद्यांत ‘धारदार वस्तू’ एवढेच दोन शब्द असतात. गार्डला फूटपट्टी दिलेली नसते आणि ठरवायचा अधिकारही. माझ्या मते हे चूक आहे, कारण त्यामुळे किल्ल्यांना लावलेला लहानसा स्विस चाकू आणि खाटकाचा सुरा एकाच तागडीत तोलले जातात. व्हिक्टोरिनॉक्सचा तो छोटा क्लासिक बंद असताना ५८ मिलिमीटर भरतो. त्यातली कात्री आणि नखे घासायची कानसच माणसे वापरतात. मी माझ्या इमारतींच्या आदेशात ६ सेंटिमीटरपर्यंतचे, कुलूप न बसणारे, म्हणजे उघडल्यावर जागीच घट्ट अडकून न राहणारे, घडीचे पाते नोंद करून आत न्यायची मुभा लिहून घेतली आहे. मालकांना पटवायला दोन बैठका लागल्या. तुमच्या इमारतीत असे लिहिलेले नसेल तर गार्डशी वाद घालून उपयोग नाही, लिहिणाऱ्याशी बोला.

बाहेरच्या देशांत हे आकडे कायद्यातच आहेत. नातेवाइकांकडे जाणाऱ्यांच्या कामाचे म्हणून सांगतो. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय रस्त्यावर बाळगता येतो तो घडीचा, ३ इंचांपर्यंतच्या धारेचा, आणि पाते कुलूपबंद न होणारा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या इमारतींसंबंधीचा कायदा अडीच इंचांपेक्षा लहान पात्याच्या खिशातल्या चाकूला घातक हत्यारात धरत नाही. तरी तिथलाही दारावरचा माणूस त्याच्या जागेच्या नियमाने अडवू शकतो.

काही ठिकाणी मात्र सांगणे, यादी, बिल्ला यातले काहीच चालत नाही. तिथे चाकू घरीच ठेवा. विमानतळावर हाताच्या बॅगेत चाकू म्हणजे गेलाच. जो न्यायचा तो चेक-इनच्या सामानात. सुरक्षा तपासणीला आल्यावर लक्षात आले आणि वेळ असेल तर मागे जाऊन सामानात टाकता येतो का ते विचारा, नाहीतर सोडून द्यावा लागतो. विमानतळाच्या आत काम करणाऱ्यांच्या हत्यारांचीही परवानगी आणि मोजणी असते. मेट्रोत धारदार वस्तू नेऊ नका. न्यायालये आणि वकिलाती यांच्या दारात चाकू घेऊन उभेच राहू नका. व्हिसासाठी येणाऱ्यांचे सामान ठेवून घ्यायची सोय वकिलातीत असेल असे धरून चालू नका, नाहीतर ऐन मुलाखतीच्या वेळी धावपळ होते. देवळांतही नियम दिवसागणिक बदलतात. २०२५ च्या मे महिन्यात सिद्धिविनायकाला नारळ न्यायलाही तात्पुरती बंदी होती, मग चाकूचे काय घेऊन बसलात.

आता थोडे आमच्या बाजूच्यांसाठी, कारण हे उत्तर काही सुपरवायझरही वाचतील. धारदार दिसले की हात आखडता घ्या आणि आधी माणसाकडे बघा. शीख बांधवाची कृपाण ही धर्माचा भाग आहे. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात तिचा उल्लेख आहे. साध्या रक्षकाने तिला हात लावायचा नाही, वरिष्ठाला बोलवायचे आणि आदराने बोलायचे. देशांतर्गत विमानातसुद्धा शीख प्रवाशांना ६ इंचांपर्यंतचे पाते आणि एकूण ९ इंचांपर्यंतची कृपाण चालते. एप्रिल-मेमध्ये डब्याबरोबर हापूस आणि सुरी घेऊन येणाऱ्या बायका असतात. त्यांना हटकून सुरी काढायला लावण्यापेक्षा पॅण्ट्रीतल्या नोंदलेल्या सुरीने आंबे कापून मिळतील असे सांगा. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, हे तर वेगळे सांगायलाच नको.

एका कंपनीच्या कुटुंब मेळाव्याला एक आजोबा नातवाचे ऑफिस बघायला साताऱ्याकडून आले होते. चौकट वाजली. कोपरीच्या खिशातून चंची निघाली आणि चंचीतून पितळी अडकित्ता. रक्षकाने तो उचलला आणि बाजूच्या खोक्यात टाकणार, तेवढ्यात आजोबांनी त्याचे मनगट धरले. नातू ओशाळून ‘सोडा हो आजोबा’ म्हणत होता. मी पुढे झालो, टेबलावर रुमाल अंथरला, अडकित्ता त्यावर ठेवला आणि आजोबांसमोर वहीत लिहिले, ‘अडकित्ता, पितळी, मोराची नक्षी, एक नग.’ त्यांनी वाचून घेतले, सही केली, बिल्ला चंचीत घातला. वर जाताना म्हणाले, ‘सुपारी कातरून नेऊ का दोन?’ त्यांनी तिथेच उभ्याउभ्या कातरली. मागे रांग थांबली होती, पण कोणी कुरकुरले नाही.

आता तुमच्या चाकूचे. उशीर करू नका, कारण कॅमेऱ्यातले चित्रण अनेक ठिकाणी महिनाभरच राहते. त्या इमारतीच्या व्यवस्थापकाला आणि सुरक्षा प्रमुखाला लेखी कळवा. गार्डच्या नावाने ओरड करू नका, त्याला काढून टाकतील आणि चाकू मिळणार नाही. तारीख, वेळ, कोणते गेट, आत कोणत्या कंपनीचे काम होते, चाकूचे वर्णन, आणि संध्याकाळी कोणत्या वेळी परत मागायला गेलात तेवढे लिहा. ज्या कंपनीत काम केलेत तिच्या प्रशासनाच्या माणसालाही प्रत पाठवा. व्यवस्थापक तुमच्या पत्राला उत्तर देईल न देईल, भाडेकरूच्या पत्राला देतो. खाली दोन ओळी अशा घाला: ‘सदर वस्तू माझ्या कामाचे हत्यार असून ती प्रवेशाच्या वेळी आपल्या रक्षकाकडे दिली होती. ती परत मिळावी, अथवा ती कोणाकडे सोपवली गेली याची नोंद दाखवावी.’

आणि नवा चाकू घ्यावा लागलाच, तर भडक रंगाच्या मुठीचा घ्या आणि मुठीवर तुमच्या नावाची अद्याक्षरे कोरून घ्या. पाकिटांच्या पेटीत एकसारखे चार काळे चाकू आले की आम्हालाही कोणता कोणाचा ते कळत नाही.